घरून आणलेल्या टाळ्या

आमच्या सोसायटीत दरवर्षी सत्यनारायणाची पूजा होते आणि संध्याकाळचा कार्यक्रम ठरलेला असतो. आधी लहान मुलांचे नाच, मग हळदीकुंकू, मग ह्यांची पीपीटी आणि शेवटी पावभाजी. हे म्हणजे माझे यजमान. पीपीटी पावभाजीच्या आधी का ठेवतात ते सगळ्यांना ठाऊक होतं, ह्यांनाही. नंतर ठेवली असती तर समोर फक्त खुर्च्या उरल्या असत्या. "भुकेला माणूस लक्ष देऊन बघतो," असं ते म्हणायचे. "शेवट कधी येतोय याची त्याला काळजी असते ना."

विषय दरवर्षी नवा. एका वर्षी शांती नगरातली झाडं, एका वर्षी उत्तनच्या किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी, आणि एकदा तर आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्यांचा इतिहास. तो इतिहास फार मोठा नव्हता, पण ह्यांनी पुरवून पुरवून वाढला.

स्लाइड करायला ते ऑफिसात शिकले होते. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत साहेबांच्या मीटिंगांसाठी त्यांना त्या कराव्या लागत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी एक कॉम्प्युटर आणला, त्यात सीडीवरून ते ऑफिसचं सॉफ्टवेअर घातलं आणि ती सीडी देवघराच्या खालच्या खणात ठेवली, कारण घरातला सगळ्यात कोरडा खण तोच. ऑफिसात साहेबांना चालत नसे ते सगळं त्यांनी घरी मन भरून केलं. अक्षरं उजवीकडून उडत यायची, गिरक्या घेत जागेवर उभी राहायची. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी कॉम्प्युटर स्वतःच टाळ्या वाजवायचा, जोरात, एखाद्या भरलेल्या नाट्यगृहासारख्या.

पहिल्या वर्षी त्या टाळ्या वाजल्या तेव्हा आमचे सेक्रेटरी मागून ओरडले होते, "साहेब, टाळ्या घरून आणता काय?"

"आणाव्या लागतात," हे म्हणाले. "तुमच्या भरवशावर राहिलो तर कठीण आहे."

सगळे हसले. पुढच्या वर्षी सेक्रेटरींनी तेच विचारलं आणि ह्यांनी तेच उत्तर दिलं. मग दरवर्षी. पूजेच्या आरतीइतकाच हा सवाल-जबाब ठरून गेला होता.

आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिच्या ऑफिसात सगळ्या स्लाइड वेबवर करतात. काही घालावं लागत नाही, सीडी नाही, फाइल हरवत नाही, कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडते. वडलांनी ती सीडी सोडावी म्हणून तिने बरीच वर्षं प्रयत्न केले. एका दिवाळीला फराळाच्या टेबलावर झालेला वाद मला जसाच्या तसा आठवतो.

"तुझ्या त्यात माझा फाँट आहे का?" ह्यांनी विचारलं.

"नाही बाबा. तुमचा फाँट आता कुणाकडेच नाही."

"टाळ्या?"

"टाळ्याही नाहीत. पण त्यात आपण दोघं एकाच वेळी एकाच फाइलमध्ये काम करू शकतो. तुम्ही इथून, मी पुण्यातून. तुम्ही लिहाल ते मला तिथे दिसेल."

ह्यांनी चकलीचा तुकडा मोडला. "एका ताटात दोघांनी जेवायचं ते लग्नाच्या दिवशी. रोज नाही."

"अहो, पोरगी चांगलं सांगतेय," मी मध्ये पडले.

"चांगलंच सांगतेय. माझी वस्तू माझ्या कपाटात असली की मला झोप लागते, एवढंच."

मुलीने माझ्याकडे बघून हात टेकले, आणि हे उरलेली चकली घेऊन कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी हे गेले. दुखणं लांबलं नाही, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं आहे. मी आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. शांततेची मला सवय आहे, पण ही शांतता वेगळी होती. त्या दिवसांत मी वाचत होते की नुसती पानं उलटत होते, ते सांगता येणार नाही.

पूजेच्या महिनाभर आधी सेक्रेटरी आले. गृहस्थ गुजराती, तीस वर्षं मीरा रोडला. मराठी, हिंदी आणि गुजराती एकाच वाक्यात घालून ते बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही. दारातच उभे राहिले, आत येईनात.

"भाभी, एक विचारू? राग नको मानू."

"बोला ना."

"साहेबचा टाइम खाली आहे. पावभाजीच्या आधीचा. तीन जण मागून गेले, एक तो कराओके बोलतो. मी कोणाला दिला नाय."

मी म्हणाले, "भाई, वर्षाच्या आत आम्ही सण करत नाही. मी पूजेला येऊन बसणार नाहीये."

"पूजेमध्ये नका बसू. स्लाइडला या. स्लाइडला काय सूतक?" मग म्हणाले, "ह्या वर्षीची साहेबने बनवली होती ना? मला बोलले होते. तू बघच, बोलले."

बनवली होती. एक पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पुढच्या वर्षाची स्लाइड सुरू, असा त्यांचा शिरस्ता. मागच्या पूजेपासून ते रोज सकाळी छोटा कॅमेरा घेऊन पेणकरपाड्याच्या पलीकडे मिठागरांच्या बाजूला पक्षी बघायला जायचे आणि आले की दार लावून कॉम्प्युटरपाशी बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "पूजेला कळेल." फाइलचं नाव मला माहीत होतं: मिठागरावरचे शेजारी. ती फाइल मी उघडली नव्हती. सेक्रेटरी गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीतरी हवं आहे, कितीतरी दिवसांनी. ह्यांची ही शेवटची पीपीटी त्यांनी केली तशी, त्यांची म्हणून, त्या हॉलमध्ये दिसायला हवी होती.

आता हॉलमध्ये मोठा नवा टीव्ही बसवला आहे आणि त्याला आमच्या कॉम्प्युटरची जुनी वायर लागत नाही. सेक्रेटरींच्या लॅपटॉपमध्ये ऑफिसचं सॉफ्टवेअरच नाही. "आपलं सगळं ऑनलाइन, भाभी," ते अभिमानाने म्हणाले. म्हणजे फाइल वेबवर न्यायलाच हवी. मी पेन ड्राइव्हवर घेतली, पूनम सागर भागातल्या एका झेरॉक्सवाल्याकडून मुलीला पाठवली. तिचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, फोटो सुंदर आले आहेत गं. पण बाबांनी हे लिहिलंय काय?"

तिने मला स्क्रीन दाखवली. मिठागराच्या पाण्यात एक बगळा उभा होता आणि त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, स्वल्पविराम, पुन्हा कंस. प्रत्येक स्लाइडवर तेच. जणू कुणी कीबोर्डवरून उंदीर पळवला होता.

ते त्या फाँटचं काम होतं. जुन्या काळी मराठी लिहायची ती अशीच. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी लिहितोय, आणि फाँट त्या इंग्रजी अक्षरांना मराठीचे कपडे घालायचा. तो फाँट ह्यांनी ऑफिसातून आणला होता आणि तो फक्त आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये होता. बाहेर पडल्याबरोबर सगळे कपडे गळून पडले.

मुलीने अक्षरं बदलून देणाऱ्या एका वेबसाइटवर ती घालून पाहिली. निम्मी मराठी आली आणि जोडाक्षरं हातपाय तुटल्यासारखी झाली. मग ती म्हणाली, "घरच्या कॉम्प्युटरवरून प्रत्येक स्लाइडचं चित्रच करून टाकू. दिसायला तशीच दिसेल."

"आणि अक्षरं उडत कशी येणार?"

"आई!"

"त्यांची अक्षरं उडत यायची," मी म्हणाले. "चित्र उडत नाही."

ती म्हणाली, "ठीक आहे. मग सगळं नव्याने टाइप करावं लागेल. तू वाच, मी करते."

"मी पण करते."

ह्यांच्या टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर चालू केला आणि शेजारी मुलीने टाकून दिलेला लॅपटॉप उघडला. उजवीकडच्या पडद्यावर वाचायचं, डावीकडच्यावर टाइप करायचं. सीडीवालं सॉफ्टवेअर आणि वेबवालं सॉफ्टवेअर, दोन सवती शेजारी बसवाव्यात तशी ती दोन यंत्रं, आणि मी मधली. शनिवार-रविवारी दुपारी मुलगी पुण्याहून त्याच फाइलमध्ये यायची. तिचा गुलाबी बाण पडद्यावर फिरताना दिसायचा. मी एक ओळ लिहीपर्यंत ती तीन लिहायची आणि त्यांना गिरक्या घेत उडायलाही लावायची. मी चुकले की गुलाबी बाण माझ्या अक्षरापाशी येऊन थांबायचा, पण काही करायचा नाही. माझं मला दुरुस्त करू द्यायचा. एका ताटात जेवण, असं मी एकदा तिला म्हणाले. ती म्हणाली, "बाबा असते तर माझ्या बाणाला बाहेर काढलं असतं."

आणि वाचता वाचता कळलं की ह्यांनी काय करून ठेवलं होतं.

प्रत्येक पक्ष्याला त्यांनी इमारतीतला एक शेजारी जोडला होता. पाणकावळा खांबावर पंख पसरून वाळवत बसला होता आणि खाली लिहिलं होतं: 'आमचे सेक्रेटरी. रोज संध्याकाळी गेटपाशी दोन्ही हात पसरून गाड्या लावून घेतात.' टिटवीच्या खाली पहिल्या मजल्यावरच्या काकू होत्या: 'जिन्यात पाऊल वाजलं की ओरडून सबंध परिसराला सावध करतात.' म्हशीमागून चालणारा गायबगळा म्हणजे भाजीच्या गाडीमागे मजल दरमजल करत निघणारे आमचे चेअरमन. मुलगी तिकडे आणि मी इकडे हसत सुटलो. त्या घरात मी मोठ्याने हसले त्याला बरेच दिवस झाले होते. शेजारच्यांनी बेल वाजवून "बरं आहे ना?" म्हणून विचारलं. त्या शेजारीणबाई ह्यांच्या स्लाइडमध्ये सुतारपक्षी होत्या, सारखं दार ठोठावणाऱ्या, म्हणून मला आणखी हसू आलं आणि नीट सांगताही येईना.

एक स्लाइड मात्र अपुरी होती, शेवटची. तीत शेकाट्याचा फोटो होता. हा पक्षी काडीसारख्या लांब लाल पायांवर पाण्यात उभा असतो, अगदी सरळ आणि विचारात पडलेला. त्याच्याखाली काहीच नव्हतं. वेबवरच्या प्रतीत त्या चौकटीत फिकट अक्षरांत आपोआप येत होतं: मजकूर जोडण्यासाठी क्लिक करा.

"कोण असेल हा?" मुलीने विचारलं.

आम्ही सगळे मजले आठवून पाहिले. कुणी जुळेना. "राहू दे," मी म्हणाले. "त्यांनी लिहिलं नाही तर आपणही लिहायचं नाही. रिकामीच दाखवू."

त्या रिकाम्या चौकटीबद्दल मी फार हळवी झाले होते, हे खरं आहे. ती तशीच राहिली तर ते जरा उठून गेलेत आणि परत येऊन पुरं करणार आहेत, असं वाटत राहील.

पूजेच्या दोन दिवस आधी मुलीने सेक्रेटरींना लिंक पाठवली. टीव्हीवर लावायची त्यांनाच होती. लिंक देताना फक्त बघण्याची परवानगी द्यायची असते, घाईत तिने लिहिण्याचीही दिली. सेक्रेटरी कामाचा माणूस. सोसायटीचं काहीही आलं, पाण्याची वेळ असो की हरवलेली चप्पल, की ते ग्रुपवर टाकायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी लिंक ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं: सर्वांच्या माहितीसाठी.

सकाळी मी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर रंगीबेरंगी बाणांची जत्रा भरली होती. हिरवे, निळे, नारिंगी, सगळे इकडून तिकडे धावत होते. पहिल्या स्लाइडवर कुणीतरी सुप्रभात आणि दोन गुलाब ठेवले होते. मिठागराच्या आकाशात 'घरगुती डबा मिळेल, बी विंग' असं लाल अक्षरांत आलं होतं. चेअरमनसाहेबांच्या बगळ्याला कुणी टोपी घातली होती. आणि टिटवीच्या खाली नवीन ओळ होती: 'मी ओरडते कारण लिफ्टचं दार कोणी लावत नाही.'

मी मुलीला फोन केला. "अगं, सगळे घुसलेत. त्यांचं काही उरलंच नाही त्यात."

"आई, घाबरू नकोस. कालची प्रत आत आहे. एक बटण दाबलं की सगळं होतं तसं होईल. ह्याच्यासाठीच तर मी बाबांशी भांडत होते. दाबू?"

"दाब," मी म्हणणार होते. तेवढ्यात मी शेवटच्या स्लाइडवर आले होते.

शेकाट्याच्या खालची चौकट भरलेली होती. पहिली ओळ होती: 'हा तर आमचा साहेब. एकदम बराबर.' कुणी लिहिलं ते विचारायला नको होतं. त्याखाली दुसऱ्या रंगात: 'पाऊस पडला की पँट दुमडून गेटवर उभे. पाणी किती चढलं ते बघायला.' त्याखाली: 'आणि कोणी विचारलं तर म्हणणार, अजून घोटा आहे, काळजी नको.' माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक निळा बाण आला, थांबला, आणि एक एक अक्षर उमटत गेलं: 'पाय पण तसेच होते काका चे.'

मीरा रोडला पाणी साचतं तेव्हा हे खरोखरच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, त्या काटकुळ्या पायांवर, कंपाउंडमध्ये उभे राहायचे. मी वरून खिडकीतून हाक मारायचे, "अहो, या वर, काय शोभा!" सगळ्या मजल्यांवरची माणसं धुंडाळली आणि घरातला माणूस मला दिसला नाही. त्यांनी स्वतःलाच शेवटी ठेवलं होतं की नाही, हे मला कधी कळणार नाही. पण इमारतीने मात्र ती चौकट क्षणात ओळखली.

"आई? दाबू का?"

"थांब," मी म्हणाले. "सगळं मागे घे. ही शेवटची राहू दे."

"बरं. टिटवीचं?"

"तेही राहू दे. काकूंना उत्तर द्यायचा हक्क आहे."

"आणि डबा?"

"डबा काढ."

पूजेच्या संध्याकाळी मी मागच्या दाराने हॉलमध्ये गेले. हळदीकुंकू उरकलं होतं, पावभाजीच्या तव्याचा आवाज येत होता, मुलं खुर्च्या ओढत होती. सेक्रेटरींनी मला लॅपटॉपपाशी नेऊन बसवलं. "भाभी, तुम्ही बटण दाबा. मी लाईट बंद करतो." बोलायचं काम ह्यांचं असायचं. मला चारचौघांत बोलायची सवय नाही, म्हणून मी फक्त बाण दाबत गेले, आणि उडत येणारी अक्षरं लोकांनी स्वतःच मोठ्याने वाचली. पाणकावळ्याला इतकं हसले की सेक्रेटरींनी उठून हात पसरून दाखवले. टिटवीच्या वेळी काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लिहिलंय ते वाचा आधी!"

पण पहिला भाग संपला तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकतंय. कुठेतरी एक पायरी कमी आहे असं वाटलं. मग लक्षात आलं. टाळ्या. वेबवर त्या आल्याच नव्हत्या, आणि मला आठवणही झाली नव्हती. दुसऱ्या भागानंतरही तीच शांतता. लोकही जरा थबकत होते, वाट बघितल्यासारखे. सेक्रेटरींनी दोनदा माझ्याकडे बघितलं. त्यांचा प्रश्न विचारायला जागाच मिळत नव्हती.

मी शेवटची स्लाइड लावली. शेकाट्या आला, लाल पाय, मिठागराचं पाणी. अक्षरं उजवीकडून गिरक्या घेत आली आणि उभी राहिली. एक एक ओळ लोकांनी वाचली, शेवटची वाचताना कुणीतरी हसलं, आणि मग हॉल गप्प झाला. तव्यावर उलथणं वाजत होतं तेवढंच.

मागून सेक्रेटरींचा आवाज आला. "भाभी, साहेबच्या टाळ्या घरीच राहिल्या काय?"

मी वळले. उत्तर ह्यांचं होतं, पाठ होतं, पण माझ्या तोंडून जरा वेगळं निघालं. "तुमच्या भरवशावर आले आहे, भाई. कठीण आहे का?"

मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काकूंनी वाजवल्या, चेअरमननी वाजवल्या, मुलांनी तर खुर्च्यांवर उभं राहून वाजवल्या. कॉम्प्युटरच्या टाळ्या ठरल्या वेळी बंद व्हायच्या. ह्या होईनात. शेवटी मागच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "काकी, एकदा मागे घ्या ना, आम्हाला खालची ओळ दिसली नाय!" मी मागे गेले, पुन्हा पुढे आले. अक्षरं परत उडत आली. पुन्हा टाळ्या.

त्या वर्षी पावभाजी गार झाली. ह्यांना ते फार आवडलं असतं.